कमी व्होल्टेजला मोटार जळते कशी? ओहमचा नियम, डीपीपासून विहिरीपर्यंत



नववीत आपण 'धाराविद्युत' शिकतो आणि दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम'. ओहमचा नियम तर झोपेतून उठवून विचारला तरी येतो: विभवांतर = विद्युतधारा × रोध. म्हणजे रोध तोच राहिला तर विभवांतर वाढलं की धारा वाढते, कमी झालं की कमी होते. इथपर्यंत कुणाची तक्रार नसते.

पण लातूर भागातल्या वर्गात हा नियम शिकवला की शेतकऱ्याच्या घरातलं एखादं पोरगं हात वर करतंच. "सर, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो म्हणता. करंट कमी तर उष्णता पण कमी. मग लाईट डिम असल्यावर आमच्या विहिरीवरची मोटार जळती कशी?"

प्रश्न बिनतोड आहे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन विचारा, कमी दाबाने जळलेल्या मोटारी तिथे ढिगाने दिसतील. मग ओहमचा नियम खोटा, की आपण तो चुकीच्या जागी लावतोय? आजचा पाठ या एका प्रश्नावर आहे. सूत्रं तुम्हाला येतात, म्हणून ती कुठे लावायची आणि कुठे थांबायचं ते पाहू.

आधी परिपथ

पाणी आणि वीज यांची तुलना सगळीच पुस्तकं करतात. ती बरी आहे, पण अर्धीच. टाकी उंचावर असली की नळाला जोर येतो, तसं दोन टोकांत विभवांतर असलं की तारेतून धारा वाहते. दोन टोकं हा शब्द महत्त्वाचा. '२३० व्होल्ट' हे कधीच एका तारेचं नसतं, ते दोन जागांमधलं अंतर असतं. फेजच्या उघड्या तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच पातळीवर असतात. तिच्या दोन पायांमध्ये विभवांतर जवळपास शून्य.

तुलना कुठे मोडते तेही बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या चांगलं लक्षात असेल. पाणी असं भरून आणता येतं, ओतता येतं, आणि वापरलेलं पाणी परत मिरजेला पाठवावं लागत नाही. तारेतल्या विजेचं तसं नाही. जितके इलेक्ट्रॉन एका तारेने मोटारीत शिरतात तितकेच दुसऱ्या तारेने बाहेर पडतात. मोटार इलेक्ट्रॉन 'खात' नाही, त्यांच्यामार्फत आलेली ऊर्जा वापरते. म्हणून जायची आणि यायची, दोन्ही वाटा लागतात. तार तुटली की पाइपासारखी गळत नाही, सगळंच थांबतं.

आणखी एक गैरसमज. बटण दाबताच दिवा लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन फार वेगाने धावत असणार असं वाटतं. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ ॲम्पिअर एकदिश धारा वाहत असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी तासाला पाव मीटरच्या आसपास सरकतात. गोगलगाय बरी! दिवा लगेच लागतो, कारण संपूर्ण तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच भरलेले असतात, आणि ढकलण्याचा परिणाम मात्र प्रचंड वेगाने पोचतो. घरच्या प्रत्यावर्ती धारेत तर ते सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतात, जागच्या जागीच.

तारेचाही रोध असतो

परीक्षेच्या गणितात तारा फुकट असतात. बॅटरी, रोध, आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. त्या रेषांचा रोध शून्य धरायचा. शेतात असं चालत नाही. तिथे 'जोडणारी रेषा' तीनशे मीटर लांब असते.

गेओर्ग सायमन ओहम हा स्वतः शाळामास्तर होता. जर्मनीतल्या कोलोन शहरात शिकवता शिकवता त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपलं पुस्तक छापलं. त्याच्याच देशात सुरुवातीला त्याचं फारसं स्वागत झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ले पदक दिलं, तेव्हा कुठे मान मिळाला. सांगायचा मुद्दा, या नियमाचा जन्मच 'तार लांब झाली तर काय होतं' या प्रश्नातून झाला आहे. आपण मात्र तारच विसरतो.

तारेची लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट. काटछेदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर रोध निम्मा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर ॲल्युमिनियम तारेचा रोध साधारण ०.०२८ ओहम असतो, तांब्याचा ०.०१७ ओहम. एवढ्या दोन आकड्यांवर आता हिशेब करू.

समजा मीटरच्या पेटीपासून विहीर ३०० मीटरवर आहे. २.५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर टाकली आहे. मोटार एक फेजवर चालणारी, एक हॉर्सपॉवरची, २३० व्होल्टला ६ ॲम्पिअर घेणारी. धारेला जाऊन परत यायचं आहे, म्हणून तारेची लांबी ६०० मीटर धरायची (पोरं इथेच चुकतात, ३०० धरतात).

तारेचा रोध = ६०० × ०.०२८ ÷ २.५ = ६.७२ ओहम.
तारेत पडणारं विभवांतर = ६ × ६.७२ = सुमारे ४० व्होल्ट.

पेटीत २३० असले तरी मोटारीपाशी १९०. चाळीस व्होल्ट वाटेतच गेले! आणि त्या ४० व्होल्टला ६ ॲम्पिअरने गुणलं तर २४० वॅट. मोटार आठ तास चालली तर जवळजवळ दोन युनिट फक्त तार गरम करण्यात जातात, आणि ते मीटरमध्ये मोजले जातात. त्याच जाडीची तांब्याची तार असती तर साडेचोवीस व्होल्ट गेले असते. ॲल्युमिनियमचीच ६ चौरस मिलिमीटरची घेतली असती तर १७ च्या आत. स्वस्त वायर स्वस्त पडते का, हे गणित बापाला करून दाखवा.

बोअर असेल तर खाली सोडलेल्या केबलची लांबीही यातच धरायची. दुष्काळात पाणी खाली जातं तशी केबलही लांबते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मूळ प्रश्न

बल्बला दाब कमी मिळाला तर धारा कमी होते, उजेड कमी होतो, बल्बचं काही बिघडत नाही. उलट जास्त दिवस टिकतो. तिथे आपल्या पोराचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. इस्त्री, शेगडी, गिझर, सगळे त्याच जातीचे.

मोटार वेगळ्या जातीची आहे. मोटार बंद असताना तिच्या गुंडाळीचा रोध मल्टिमीटरने मोजला तर तो थोडाच भरतो. समजा ३ ओहम निघाला. मग ओहमच्या नियमाने धारा किती हवी? २३० ÷ ३ = जवळपास ७७ ॲम्पिअर. प्रत्यक्षात ती सहाच घेते. बाकीचा जोर गेला कुठे?

मोटारीचा आतला भाग फिरतो तेव्हा तिथे चुंबकीय क्षेत्रही फिरत असतं, आणि त्यामुळे गुंडाळीत उलट्या दिशेचं विभवांतर तयार होतं. बाहेरून २३० चा रेटा, आतून जवळजवळ तितकाच उलटा रेटा, आणि उरलेल्या थोड्या फरकावर धारा वाहते. प्रत्यावर्ती धारेत गुंडाळीचा आणखी एक चुंबकीय विरोध असतो, त्याचा नेमका हिशेब बारावीत येईल. आज एवढं पुरे: मोटार फिरते आहे म्हणून ती कमी धारा घेते. ती थांबली की तिचं संरक्षणच गेलं. चालू करताना पहिला क्षणभर मोटार थांबलेलीच असते, म्हणून सुरुवातीची धारा चालू धारेच्या पाच-सहा पट असते.

आता विहिरीकडे बघा. पाणी खाली आहे, ते वर चढवायचं आहे. विहिरीला व्होल्टेज कळत नाही. दाब १९० झाला म्हणून पाण्याचं वजन कमी होत नाही. मोटारीवरचा भार जवळपास तोच राहतो, म्हणजे तिला शक्तीही तेवढीच लागते. शक्ती = विभवांतर × धारा. विभवांतर घटलं तर तेवढीच शक्ती घ्यायला धारा वाढलीच पाहिजे. आणि गुंडाळीतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा सव्वापट, तर उष्णता दीडपटीहून जास्त.

इथे गंमत पुढे आहे. धारा वाढली की तारेत पडणारे व्होल्टही वाढतात, मोटारीपाशी दाब आणखी उतरतो, मग धारा आणखी वाढते. हे कुठे थांबतं? दहावीच्या मुलांनी वर्गसमीकरण वापरा. मोटार २३० × ६ = १३८० इतकी शक्ती (ढोबळ मानाने) कायम मागते असं धरू. मोटारीपाशी 'क्ष' व्होल्ट असतील तर धारा १३८० ÷ क्ष. पेटीतला दाब २३० असेल तर:

क्ष = २३० − ६.७२ × (१३८० ÷ क्ष)
म्हणजेच क्ष² − २३०क्ष + ९२७४ = ०

हे सोडवलं की क्ष साधारण १७८ येतो (दुसरं मूळ ५२ च्या आसपास, ते सोडून द्या, तेवढ्यावर मोटार फिरत नाही). धारा पावणेआठ ॲम्पिअर. म्हणजे मघाचे १९० सुद्धा खरे नव्हते. आता पेटीतच २१० येत असतील तर? क्ष साधारण १४७, धारा ९.४ ॲम्पिअर. सहाच्या जागी ९.४, उष्णता जवळजवळ अडीच पट.

आणि पेटीत १९० असतील तर? विवेचक काढा: १९० चा वर्ग ३६१००, त्यातून ४ × ९२७४ = ३७०९६ वजा. उत्तर ऋण. समीकरणाला वास्तव मूळ नाही!

गणितात आपण 'मुळे वास्तव नाहीत' असं लिहून दोन गुण घेतो आणि पुढे जातो. शेतात त्याचा अर्थ असा, की या तारेतून या मोटारीला हवी तेवढी शक्ती पोचूच शकत नाही. मोटार मंदावते, गुरगुरते, अडकते. फिरणं थांबलं की उलटा रेटा नाहीसा, आणि मग गुंडाळीत उरतो फक्त तो थोडासा रोध. धारा भसकन वाढते, तारेवरचं वार्निश जळतं, वास येतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तर पोराच्या प्रश्नाचं उत्तर: ओहमचा नियम खरा आहे, तारेला तो तंतोतंत लागतो. पण फिरती मोटार म्हणजे नुसता रोध नाही. ती थांबते तेव्हा नुसता रोध होते, आणि तेव्हाच जळते.

(तीन फेजच्या मोटारीत एक फेज गेला तर असंच होतं. चालू असलेली मोटार उरलेल्या दोन फेजवर कशीबशी फिरत राहते, जास्त धारा खेचते आणि तापते. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो. तो स्टार्टरमधून काढून ठेवण्यात कसलीही हुशारी नाही.)

शेजाऱ्याची मोटार आणि आपला दिवा

घरातली उपकरणं समांतर जोडणीत असतात, एकसर नाही. जुन्या पद्धतीची दिवाळीची माळ एकसर असते, एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. सौर पंपाच्या पॅनेलही बहुधा एकसर जोडलेल्या असतात, म्हणजे त्यांचं व्होल्टेज बेरजेने वाढतं. एका पॅनेलवर बाभळीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचं पाणी कमी होतं ते यामुळे. आणि उन्हात त्या ओळीवर काही शे व्होल्ट असतात, 'लाईट गेली आहे' म्हणून तिथे हात घालू नका.

एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी समांतर जोडणीत असतात. प्रत्येक नवी मोटार म्हणजे धारेला आणखी एक वाट, म्हणून एकूण रोध कमी होतो आणि डीपीपासून येणाऱ्या सामाईक तारांतली धारा वाढते. सामाईक तारेचा रोध समजा ०.३ ओहम. एक मोटार चालू असताना १.८ व्होल्ट पडतात. पंधरा मोटारी चालू झाल्या की ९० ॲम्पिअर, म्हणजे २७ व्होल्ट. लाइनीच्या शेवटी असलेल्याला ते सगळे सोसावे लागतात, डीपीशेजारच्याला काही कळतही नाही. गावातली निम्मी भांडणं या ०.३ ओहमवरून होत असावीत.

त्यात ऑटोस्विच. लाईट आली की पंधराही मोटारी एकाच क्षणी उठायला बघतात. प्रत्येकीची सुरुवातीची धारा ३० धरली तर ४५० ॲम्पिअर, आणि कागदावर सामाईक तारेत १३५ व्होल्टची घट. प्रत्यक्षात दाब पडल्यामुळे धारा तितकी जात नाही, पण कुठलीच मोटार नीट उठत नाही आणि डीपीचा फ्यूज जातो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं, त्यामागे हेच आहे. कॅपॅसिटरने तारेतली फुकटची ये-जा करणारी धारा कमी होते. आकडा टाकून घेतलेली वीज तर कुणाच्याच हिशेबात नसते, पण तारेच्या हिशेबात असते.

उपाय पुस्तकातच आहे. शक्ती तीच ठेवून विभवांतर वाढवलं की धारा कमी होते आणि वाया जाणारी उष्णता वर्गाने कमी होते. आपल्या शेजारच्या सोलापूरहून रायचूरला ७६५ किलोव्होल्टची लाइन जाते. ३१ डिसेंबर २०१३ ला ती सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं देशाच्या बाकी जाळ्याला जोडलं गेलं. ११ किलोव्होल्टच्या सुमारे सत्तरपट दाब, म्हणजे तेवढ्याच शक्तीला धारा सत्तरावा भाग, आणि तेवढ्याच रोधाच्या तारेत उष्णता जवळजवळ पाच हजारावा भाग. राज्यात २०१८ पासून कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली तिचं तत्त्वही हेच: ११ किलोव्होल्टची तार थेट शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा, म्हणजे कमी दाबाची तार आखूड राहते.

अर्थिंग, आणि फ्यूजबद्दलचा भ्रम

हा भाग परीक्षेत दोन गुणांना येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याला द्यायला हवा.

'फ्यूज आहे, काही होत नाही' असं घरोघरी म्हणतात. हिशेब करा. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरतात. २३० ÷ १००० = ०.२३ ॲम्पिअर. १० ॲम्पिअरच्या फ्यूजला याची दखलही लागणार नाही. पण ०.१ ॲम्पिअर छातीतून गेली तरी हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. फ्यूज तारेला आणि यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ईएलसीबी किंवा आरसीसीबी असतो. जाणारी आणि परत येणारी धारा तो मोजतो, आणि दोन्हींत ०.०३ ॲम्पिअरचा फरक पडला की तोडतो. जाणारी आणि येणारी धारा सारखीच असते हे आपण वर पाहिलंच. फरक पडला म्हणजे काही धारा भलत्या वाटेने, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत चालली आहे.

आता स्टार्टरची लोखंडी पेटी. आत फेजची तार सोलून पेटीला टेकली. पेटीला अर्थिंग आहे, फ्यूज १५ ॲम्पिअरचा. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत अर्थिंगच्या सळईचा रोध समजा ५ ओहम, आणि डीपीच्या अर्थिंगचा २. धारा = २३० ÷ ७ = जवळपास ३३ ॲम्पिअर. फ्यूज उडतो, पेटी सुरक्षित.

तेच मे महिन्यात. रानाला हात घालता येईल एवढ्या भेगा पडल्यात, सळईच्या भोवतीची माती सुकून सुटली आहे. रोध २० ओहम झाला असं धरा. धारा = २३० ÷ २२ = साडेदहा ॲम्पिअर. पंधराचा फ्यूज जात नाही. मोटारही चालू राहते. आणि पेटीवर किती व्होल्ट? १०.५ × २० = २१० च्या आसपास. अर्थिंग केलेली पेटी, फ्यूज शाबूत, आणि हात लावला की २१० व्होल्ट.

म्हणून सळईच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. ते अंधश्रद्धेतून आलेलं काम नाही, तो रोध कमी करण्याचा उपाय आहे. फ्यूजच्या जागी जाड तांब्याचे चार पेड पिळणाऱ्याने हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करावं.

वादळात तार तुटून रानात पडली तर तिच्याभोवती जमिनीत विभवांतर पसरतं, तारेजवळ जास्त, दूर कमी. तिथे टाकलेल्या दोन पावलांच्या मध्येही व्होल्ट असतात. चिमणीच्या उलट परिस्थिती. बैल किंवा म्हैस अशा जागी माणसाच्या आधी दगावते, कारण पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त आणि धारेची वाट छातीवरून जाते. जनावर पडलेलं दिसलं तरी सोडवायला धावायचं नाही. लांब राहायचं, १९१२ ला फोन करायचा, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं. माणूस चिकटला असेल तर आधी मेन स्विच पाडायचा, हात लावायचा नाही.

घरी करून बघा

दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, दोन तारा आणि मधून चिरलेली पेन्सिल घ्या. परिपथात पेन्सिलचं शिसं घाला, एक तार शिसावरून सरकवत लांबी वाढवा. उजेड कसा बदलतो ते लिहा. मग त्याच शिसाच्या पुढे दुसरा बल्ब पहिल्याला समांतर जोडा आणि पहिल्याचा उजेड मंदावतो का ते पाहा. हीच तुमची डीपी आणि शेजाऱ्याची मोटार. हा प्रयोग फक्त सेलवर करायचा, घरातल्या सॉकेटवर कधीही नाही.

आणि दोन गणितं. एक: वरच्या विहिरीला ६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम तार टाकली तर पेटीतला दाब किती व्होल्टच्या खाली गेल्यावर समीकरणाला वास्तव मूळ राहणार नाही? (विवेचक शून्य धरा.) दोन: टेस्टरच्या आत साधारण १० लाख ओहमचा रोध असतो. २३० व्होल्टच्या फेजला टेस्टर लावून वरच्या टोकाला बोट टेकवलं तर अंगातून किती धारा जाईल? तो रोध काढून टाकला तर किती?

उत्तरं वहीत, पायऱ्यांसह.